साजूक वंगण

आमच्या शेजारच्या लॉयडची रायफल यंदा कांचनच्या साजूक तुपावर चालली आणि त्यात उत्तर टेक्सासमधल्या हरणांचं कल्याण झालं, हे मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच घरच्या चकल्या खाणाऱ्यांनी ठेवला नाही, तिथे तुमच्याकडून मी काय अपेक्षा करू? फक्त शेवटपर्यंत ऐका. कारण त्या संध्याकाळी माझ्या हातात रिकामी ताटली होती, आणि ती भरणार की नाही हे या गोष्टीवर ठरणार होतं.

पाडवा होता. एरवी आमच्या या प्लेनो गावात दिवाळी कधीही आली तरी तिला शनिवारपर्यंत थोपवून धरावं लागतं. यंदा पाडवा आपणहून शनिवारी आला, म्हणून माझी बायको कांचन खुशीत होती. त्याच शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडत होता, म्हणून लॉयड खुशीत होता. आणि मी ताटलीची वाट बघत होतो. तेही मार्चपासून.

मार्चमध्ये माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि तो सुवर्णाने वाचला. सुवर्णा ही आमची जुनी मैत्रीण, हृदयाची डॉक्टर. आता रिटायर झाली आहे, पण माझ्यापुरती अजून ड्यूटीवर असते. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "गिरीशराव, तूप बंद." कांचनने त्याला स्वतःचं एक कलम जोडलं. दिवाळीपर्यंत तुपाला बोट लावलं नाही तर पाडव्याला लाडवासकट भरलेली ताटली. लावलेलं सापडलं, तर मायक्रोवेव्हमधला ओट्सचा चिवडा.

तेव्हापासून मी कोरडी पोळी खात आलो होतो. निदान टेबलावर तरी.

त्या संध्याकाळी शेजारच्या फ्रिस्को गावाहून केदार आणि हिमानी हे तरुण जोडपं आलं होतं. केदार पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर एकदा शूटिंग रेंजवर जाऊन आला आणि तेव्हापासून बंदुकांचे व्हिडिओ बघून त्या विषयातला जाणकार झाला. हिमानी नागपूरची, बोलायला सडेतोड. सुवर्णा आरामखुर्चीत बसली होती. टेबलावर चकल्या, करंज्या, चिवडा, शंकरपाळे आणि मधोमध बेसनाचे लाडू. कांचन ताटल्या भरत होती. सगळ्यांच्या भरून झाल्या होत्या, माझीच राहिली होती.

खुर्च्या कमी पडल्या म्हणून केदार गराजमध्ये गेला. परत आला तेव्हा एका हातात फोल्डिंगची खुर्ची होती आणि दुसऱ्या हातात काचेची बरणी.

"काकू, ही तुमची का? पेंटच्या डब्यांमागे होती."

ही पोरं शिकलेली असतात, नोकऱ्या मोठ्या असतात, पण मिळालेली वस्तू गपचूप होती तिथे ठेवून द्यावी हे त्यांना कोणी शिकवत नाही.

कांचनने चमचा खाली ठेवला. तिने बरणी हातात घेतली, उजेडात धरली. साय साठवून, विरजून, घुसळून, लोणी कढवून तिने लाडवांसाठी ते तूप केलं होतं. रवाळ. आता तळाशी बोटभरही उरलं नव्हतं.

"सोमवारपासून शोधतेय मी ही," ती म्हणाली. "सगळी कपाटं उपसली. शेवटी वाटलं, मीच कुठेतरी ठेवून विसरले. सुवर्णाला फोन करून विचारलं मी, की विसराळूपणाची कुठली टेस्ट असते का."

"विचारलंस खरं," सुवर्णा म्हणाली. "मी अपॉइंटमेंट पण बघून ठेवली होती."

"आणि लाडू दुकानच्या तुपात केले. बसलेत बघा, भाकरीसारखे." मग ती माझ्याकडे वळली. "अहो."

नुसतं अहो. पुढे काही नाही. सोबत जन्म काढलेल्या बाईच्या नुसत्या 'अहो'त काय काय असतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको, आणि न झालेल्यांना सांगून कळणार नाही.

"ते तूप मी वापरलं," मी म्हणालो.

"खाल्लंत."

"वापरलं. लॉयडच्या बंदुकीला."

हिमानीने चकली तोंडात नेता नेता थांबवली. सुवर्णाने चष्मा काढला. कांचनने माझी ताटली हातातून घेतली नाही, पण ती भरायलाही पुढे आली नाही. म्हणजे खटला उभा राहिला होता आणि मला बोलायची मुभा होती.

"आधी हे समजून घ्या," मी बसलो, "की बंदुकीतून गोळी सुटली की पुढे जातो तो पुढचा तुकडा. मागे राहते पितळेची पुंगळी. लोक ती फेकून देतात. लॉयड नाही फेकत. त्याच्या वडिलांची रायफल आहे, ते स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे, म्हणून हाही भरतो. पण एकदा उडवलेली पुंगळी गरम होऊन फुगलेली असते. ती परत भरायची तर आधी मूळच्या मापात आणायला लागते. त्यासाठी त्याच्या गराजमध्ये टेबलाला बोल्टने आवळलेलं यंत्र आहे. लांब दांडा, वरती पोलादी साचा. दांडा ओढला की पुंगळी खालून साच्यात घुसते आणि चेपून बारीक होते."

"म्हणजे सोऱ्याच," हिमानी म्हणाली.

"उलटा सोऱ्या. आणि पितळ पोलादात घुसवायचं तर बाहेरून काहीतरी निसरडं लावायला लागतं. नाही लावलं तर पुंगळी आत रुतून बसते. मग ना पुढे, ना मागे. कांचन, तुझ्या हातात कासार बांगड्या भरताना साबण का लावायचा?"

"माझ्या हातांचं राहू द्या. तुपाचं बोला."

"त्याच्याकडेच येतोय. लॉयड वर्षानुवर्षं एक डबीतलं मेण वापरत होता. मेंढीच्या लोकरीतून चरबी निघते, तिचं. उत्तम वंगण. पण यंदा त्याची बोटं सुजली, लाल झाली, कातडी सोलली. डॉक्टर म्हणाला, लोकरीच्या चरबीची ॲलर्जी. मोसम तोंडावर, पुंगळ्या टेबलावर पडलेल्या आणि बोटांना फडकी बांधलेली. कुंपणापलीकडून मला म्हणाला, 'गिरीश, तू जन्मभर कारखान्यांना वंगणं निवडून दिलीस. मला एक निवडून दे.'"

हे मात्र खरं होतं. साखर कारखान्याच्या रोलरपासून तेलाच्या पंपापर्यंत मी कशाकशाला ग्रीस लावलेलं आहे. एका माणसाच्या टेबलावरच्या यंत्राला वंगण निवडायचं म्हणजे माझ्या हातचा मळ. सगळ्यांनी मान हलवली. केदारने तर शाबासकी दिल्यासारखी हलवली.

"तर मी गराजमध्ये चाचणी लावली. आणि चाचणीचा पहिला नियम लॉयडचा. कुठलंही वंगण आलं की तो ते आधी अंगठा आणि बोटात धरून चोळतो, डोळे मिटून. एक कण जरी लागला तरी ते वंगण कचऱ्यात. कारण एक कण साच्यात गेला की साच्याला ओरखडा, आणि मग पुढच्या प्रत्येक पुंगळीला तोच ओरखडा. मी बघतच राहिलो. तू लाडवांच्या पाकाची तार बघतेस ना कांचन, बोटं मिटून आणि उघडून? अगदी तसं. बाप्याच्या हातात तशी नजाकत मी पहिल्यांदा बघितली."

हा तपशील मी का घातला ते मला आजही सांगता येणार नाही. गोष्ट रंगत होती, म्हणून घातला.

"मग पहिलं काय लावलंत?" केदारने विचारलं.

"गाडीच्या चाकाचं ग्रीस. फसलं. पुंगळी बाटलीसारखी असते, वर मान, मानेखाली खांदा. ग्रीस जास्त झालं, साच्यात दाबलं गेलं, बाहेर पडायला वाट नाही, तर त्याने पितळच आत ढकललं. खांद्याला खळगा."

"हो, करेक्ट आहे," केदार बाकीच्यांना म्हणाला. "व्हिडिओत दाखवतात. टू मच ल्यूब असेल तर डेंट येतो. काका बरोबर सांगतायत."

एवढा साक्षीदार मला पुष्कळ होता. मी पाय लांब केले.

"मग खोबरेल आणलं. त्या सकाळी उत्तरेचा वारा सुटला होता. खोबरेल असं थिजलं की लॉयडने बाटली उलटी केली, आपटली, शेवटी खिडकी उघडी राहावी म्हणून तिचा अडसर लावला. अजून तिथेच आहे. मग एरंडेल. एरंडेल चिकटही असतं आणि निसरडंही असतं, आपल्या रघूमामासारखं."

"माझ्या मामांना मधे आणू नका," कांचन म्हणाली.

"एरंडेल लावून लॉयडने दांडा ओढला मात्र, पुंगळी साच्यात गेली, क्षणभर विचार केला आणि अशी सटकली की गराजच्या दारातून बाहेर, रस्ता ओलांडून समोरच्यांच्या मेलबॉक्सवर. टण्ण. त्यांना वाटलं पोस्टमन आला. बाई चपला घालून बाहेर आल्या."

"काका, नॉट पॉसिबल," केदार म्हणाला. "पुंगळी खालून होल्डरमध्ये लॉक असते."

"तुझ्या व्हिडिओत एरंडेल होतं का?"

"नाही."

"मग."

हिमानी हसली. सुवर्णा हसली नाही, पण तिने चिवड्याची ताटली मांडीवर नीट ठेवली, म्हणजे तिला ऐकायचं होतं. कांचन उभीच होती.

"तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझी बरणी आली," मी म्हणालो.

"डोळ्यांसमोर का तोंडासमोर?"

"वंगण म्हणून बघ ना. थंडीत घट्ट, बोटाच्या उबेने पातळ. पितळेला पकडून राहतं, पोलादावरून घसरतं. लॉयडची ॲलर्जी लोकरीची, म्हशीची नाही."

"गाईचं आहे ते. इथे म्हैस कुठली?"

"तेच म्हणतोय. आणखी सौम्य. लॉयडने चोळून बघितलं, डोळे मिटून. त्याला रवा लागला तसा चेहरा पडला. पण पुढच्याच क्षणी तो रवा बोटात विरघळला. तो म्हणाला, 'गिरीश, माझ्या वडिलांना हे मिळायला हवं होतं.' पहिली पुंगळी साच्यात अशी गेली, जसा जावई सासरी जेवायला जातो. आवाज नाही, आग्रह नाही, सरळ आत. आणि दांडा ओढायला लॉयडने नुसती करंगळी लावली होती."

"थांबा काका," केदार म्हणाला. मला हा मुलगा कधीच आवडला नाही. "एका पुंगळीला किती लागतं? फिंगरटिपवर जेवढं येतं तेवढ्यात बऱ्याच होतात. ही एवढी मोठी बरणी आहे. लॉयडकडे अख्खी आर्मी आहे का?"

सगळ्यांच्या नजरा बरणीवर गेल्या. हिमानीने ती टेबलावरून उचलून मांडीवर घेतली आणि हळूहळू फिरवून बघायला लागली. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, फक्त इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

"लॉयड एकटा असता तर बरणी उरली असती," मी सावकाश म्हणालो. "पण लॉयड चर्चला जातो. त्याने तिथे एकाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या गल्लीत पिकअप ट्रक लागले. आपल्या ड्राइव्हवेपासून पार त्या सिग्नलपर्यंत. प्रत्येकाच्या हातात पुंगळ्यांचा डबा. हॅट काढून उभे, प्रसादाला असतात तसे. मी चमचा घेऊन दारात. प्रत्येकाला थोडं थोडं. 'मोअर प्लीज' म्हणणारेही होते, त्यांना मी म्हटलं, मागच्यांना उरू दे."

"आणि मी कुठे होते?" कांचनने विचारलं.

"रविवारी? तू फ्रिस्कोला गेली होतीस. हिच्याकडे चकल्या करायला."

"काकू दिवसभर माझ्याकडे होत्या, हे खरं आहे," हिमानी म्हणाली. "काका आले नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतोय."

"दुखत होताच. तेवढा वेळ दारात उभं राहून कोणाचा दुखणार नाही?"

सुवर्णा आता खुर्चीत पुढे सरकली. "गिरीशराव, मला एक सांगा. प्लेनोतल्या इतक्या लोकांनी तूप नेलं, आणि शेजारपाजारच्या एकानेही कांचनला विचारलं नाही, की तुमच्याकडे काय वाटत होते?"

"शिकारी माणूस आपली जागा सांगत नाही, सुवर्णा. आपलं वंगणही सांगत नाही."

हे मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी टेबलाकडे हात नेला. कांचनने लाडवांचं ताट आतल्या बाजूला ओढलं.

तिचा चेहरा बदलला होता. पिकअप ट्रकांवर तिचा विश्वास बसला नव्हता, पण त्याहून दुसरं काहीतरी तिला टोचत होतं.

"समजा, असेल," ती म्हणाली. "समजा तुम्ही दिलंत. पण अहो, त्या तुपातलं पहिलं निरांजन मी देवापुढे लावलं होतं. आणि त्याच तुपाने तुम्ही जनावरं मारायला मदत केलीत? हे खाण्यापेक्षा वाईट आहे. खाल्लं असतं तर निदान पोटात गेलं असतं."

बघा, माणूस एका खड्ड्यातून निघावा म्हणून दुसरीकडे पाय टाकतो, तर तिथे विहीर. खाल्लं म्हणावं तर ओट्स. नाही म्हणावं तर हत्या. मी करंजीकडे बघितलं. ती खुसखुशीत होती हे मला लांबूनच कळत होतं.

"कांचन," मी आवाज खाली आणला, "तुझ्या तुपाने एकही हरीण मेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आज पहाटे लॉयड रानात मचाणावर जाऊन बसला. बंदूक भरलेली. काडतुसांना वास तुझ्या तुपाचा. वारा हरणांकडे. आता हरीण माणसाच्या वासाने पळतं. पण हा वास त्यांनी जन्मात घेतला नव्हता. आधी एक मादी आली. मग दोन पिल्लं. मग मोठ्या शिंगांचा म्हातारा नर, ज्याच्यामागे त्या भागातले सगळे शिकारी लागलेले आहेत. मचाणाखाली येऊन सगळी ओळीने बसली. पंगतीला बसतात तशी. वर तोंड करून."

"हरणं बसली," सुवर्णा म्हणाली.

"मांडी घालून नाही. त्यांच्या त्यांच्या पद्धतीने. लॉयडने नेम धरला, पण समोर जेवायला बसलेल्यावर गोळी कोण झाडणार? त्याने बंदूक खाली ठेवली. तर तो म्हातारा नर पुढे आला आणि त्याने नळी चाटली. टोकापासून दस्त्यापर्यंत. लॉयडच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच्यासारखं त्या रानात आज सगळ्यांचंच झालं. ज्यांनी ज्यांनी तूप नेलं होतं, ते सगळे रिकाम्या हाताने परतले. कांचन, तू आज एक अख्खं रान वाचवलंस."

हिमानी बरणी फिरवायची थांबली होती. कांचनच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो वर जाणार की खाली, हे अजून ठरत होतं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" सुवर्णाने विचारलं.

"लॉयडने. फोनवर. दुपारी."

आणि दारावरची बेल वाजली.

दारात लॉयड होता. उंच, वाकलेला, शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेला. अंगात पानाफांद्यांच्या रंगाचं जाकीट, एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात त्याच्या बायकोने दिलेला पेकन पाय, म्हणजे इथली सुक्यामेव्याची गोड पोळी. कांचन दर दिवाळीला त्याला बोलावते. त्याचं मराठी 'चकली' आणि 'बस' या दोन शब्दांवर संपतं, आणि दुसऱ्या शब्दाचा आमच्या घरात त्याला कधी उपयोग झालेला नाही. बाकीचं तो इंग्रजीत बोलतो. ते मी इथे मराठी करून देतो.

"हॅपी दिवाली," तो म्हणाला. "चकली?"

कांचनने त्याला बसवलं, ताटली भरून दिली. त्याची भरली. माझी नाही. मग ती त्याच्या समोर उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "लॉयड, आज हरीण मिळालं का?"

मी लॉयडकडे बघितलं. डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. भुवया वापरल्या. एका हाताने ताटली वर केली आणि तिचं रिकामं पोट त्याला दाखवलं.

लॉयडने माझी ताटली बघितली. टेबलावरची बरणी बघितली. हळू चावत चकलीचा घास संपवला.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "एकही नाही."

हे खरं असावं. लॉयडचा नेम मी बघितलेला आहे.

"का नाही?" सुवर्णाने विचारलं. "दिसली नाहीत?"

लॉयडने पुन्हा माझ्याकडे बघितलं. टेक्सासच्या माणसाला खोटं बोलवत नाही असं म्हणणारे टेक्सासच्या माणसाबरोबर मासे धरायला गेलेले नसतात.

"दिसली," तो म्हणाला. "आली होती. जवळ आली होती."

"किती जवळ?"

"मॅडम, एक शिंकला तर माझी टोपी ओली झाली." त्याने टोपी पुढे केली. टोपी खरंच ओलसर होती. बाहेर बारीक पाऊस होता. "म्हातारा नर. मोठी शिंगं. असा बघत होता माझ्याकडे, जसा आमच्या चर्चमधला पास्टर बघतो. मला ट्रिगर दाबवेना."

मी त्याला रानातल्या पंगतीबद्दल अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. तो म्हातारा नर त्याने स्वतःचा स्वतः आणला होता. मित्र म्हणतात तो असा.

"आणि गोळ्यांना हे लावलं होतं?" कांचनने बरणीकडे बोट केलं. "माझं तूप?"

लॉयड थांबला. शंकरपाळा उचलला, परत ठेवला. "मी आजवर वापरलेल्यांत," तो म्हणाला, "याच्या जवळपास जाणारं काही नाही."

हिमानी टाळी वाजवून हसली. केदार म्हणाला, "यार, व्हिडिओ करायला पाहिजे यावर." सुवर्णाने मान हलवली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, त्यात माझं नाव होतं. आणि कांचनच्या तोंडाचा तो कोपरा शेवटी वर गेला.

"लबाड आहेत दोघं," ती म्हणाली, पण हात पुढे केला. "द्या ती ताटली."

मी दिली. तिने एक चकली ठेवली. दोन करंज्या ठेवल्या. चिवडा घातला, वरून आणखी थोडा घातला. मग तिने लाडू उचलला. तो बसलेला होता, भाकरीसारखा होता, पण मार्चपासून मी स्वप्नात ज्याला बघत होतो तो तोच होता. तो ताटलीवर आला आणि तिथे थांबला, कारण कांचनला काहीतरी सुचलं. ती मनाने मोठी आहे. तिच्या मोठ्या मनाचा मला आयुष्यात दर वेळी फायदा झाला आहे, ही एक वेळ सोडून.

"लॉयड," ती म्हणाली, "तळाशी थोडं उरलंय बघ. हरणं मरणार नसतील तर घेऊन जा तू. तुझ्या पुंगळ्यांना होईल."

हिमानीने बरणी त्याच्या हातात दिली.

"अगं कशाला," मी म्हणालो. "त्याच्याकडे आहे. भरपूर आहे. लॉयड, नको म्हण."

पण लॉयडने झाकण उघडलं होतं. वंगणाचं भांडं हातात आलं की तो दुसरं काही ऐकत नाही. त्याने बोट आत घातलं, काचेच्या तळावरून फिरवलं, बाहेर काढलं आणि अंगठ्याला लावलं. डोळे मिटले. बोटं मिटली, उघडली, मिटली. सगळे पुढे वाकून बघायला लागले. मी सांगितलेलंच त्यांच्यासमोर घडत होतं, पाकाची तार बघावी तसं.

त्याच्या कपाळाला आठी पडली.

"यात कण आहे," तो म्हणाला.

"रवाळ आहे ते," मी म्हणालो. "घरचं तूप असतंच रवाळ. विरघळेल. जरा दम धर."

लॉयडने दम धरला. पुन्हा चोळलं. बोटं उघडून दिव्याखाली धरली. कांचनचा हात लाडवासकट ताटलीवर तसाच होता.

"विरघळत नाही, गिरीश," तो म्हणाला. मग त्याने ते बोट जिभेला लावलं आणि डोळे उघडून कांचनकडे बघितलं. "मॅडम, असलं वंगण मी माझ्या साच्याजवळ येऊ दिलं नसतं. ही साखर आहे."